दादाच्या मळ्यातली बाटली आणि बायकांच्या बॅगा

नाशिक जिल्ह्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी शाळेत. येत्या डिसेंबरात लग्नाला २५ वर्षं होतात म्हणून चार जोडप्यांनी मिळून सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं आहे. चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत. ताईंच्या थोरल्या भावाची दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. त्याचा माल ज्या वायनरीत जातो तिथल्या शिराझ या लाल वाइनच्या चार बाटल्या दादाने आणून दिल्या आणि म्हणाला, "आपल्या मातीतली आहे, बोटीवर उघडा." ताईंना ते फार भावलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. मिस्टरांच्या एका मित्राने हिशेब मांडला की बोटीवर एकेक ग्लास हजार-बाराशेला पडतो, तेव्हा प्रत्येकाने तीन-तीन बाटल्या न्याव्यात, शिवाय शॅम्पूच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत व्हिस्की भरून न्यावी, आणि हे सगळं बायकांच्या बॅगांत ठेवावं, कारण "बायकांच्या बॅगा कोणी उघडत नाही". ताई लिहितात: "मिस्टर म्हणतात, तू उगाच ताण घेतेस, एवढे पैसे भरलेत, सगळेच नेतात, आणि वाइन म्हणजे काही दारू नाही. मला तर दादाची एक बाटली न्यायलाही आता संकोच वाटतो. स्वतःची बाटली घेऊन जेवायला बसायचं, म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडल्यासारखं नाही का? काय करू?"

ताई,

दादाची बाटली न्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. मात्र न्यायची ती उघडपणे, हातातल्या पिशवीत, कोणी विचारलं तर "हो, वाइन आहे" असं सांगून. बाकीच्या बाटल्यांसाठी थोडं गणित करू, कारण तुमच्याकडे सगळी चर्चा झाली आहे, फक्त हे गणित राहिलं आहे.

तुम्ही कंपनीचं नाव कळवलंत म्हणून नियम सांगणं सोपं झालं. तुमच्या जहाजावर चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची किंवा शॅम्पेनची ७५० मिलीलिटरची एक सीलबंद बाटली सोबत नेता येते. तुम्ही आठ जण आहात, म्हणजे आठ बाटल्या. एका बाटलीत १५० मिलीलिटरचे पाच ग्लास होतात. आठ बाटल्यांचे चाळीस, चार रात्रींत वाटले तर रोजचे दहा. तुम्ही स्वतः अर्धा ग्लास घेता, आणि तुमच्याच पत्रात आहे की चौघींपैकी दोघी शिवतही नाहीत. मग कमी कोणाला पडणार आहे? जे नियमात राहून पुरेसं नेता येतं, तेच चोरून नेण्याची योजना तुमच्या घरी आखली जात आहे. मिस्टरांसमोर कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडा. बरेच वाद असे कागदावर उतरले की निवळतात.

तीन-तीन बाटल्यांचा बेत तर जहाजापर्यंत पोचायच्या आधीच अडचणीत येतो. सिंगापूरमध्ये उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला करमुक्त दारूची मर्यादा एकूण दोन लिटरची आहे, आणि तीही तो आधीचे निदान ४८ तास सिंगापूरबाहेर असेल आणि मलेशियातून येत नसेल तर. तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर स्वतःहून सांगून कर भरायचा असतो, न सांगता पुढे जाणं हा तिथे गुन्हा आहे. व्हिस्कीच्या पिशव्यांचं त्याहून वाईट. विमानाच्या चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, पण ती दुकानातून आली तशाच, मूळच्या बंद बाटलीत असावी लागते. घरी भरलेली पिशवी त्यात बसत नाही. म्हणजे त्या मित्रांच्या एका युक्तीत विमानाचा नियम मोडतो, जहाजाचा मोडतो, आणि बाटल्या जास्त झाल्या तर सिंगापूरच्या कस्टम्सचाही.

आता "वाइन म्हणजे दारू नाही" या वाक्याकडे येते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्या गदारोळात हे वाक्य घराघरांत पोचलं. त्यामागची शेतकऱ्याची बाजू मला कळते. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यानंतर नाशिकच्या आसपास वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि तुमच्या दादासारख्या बागायतदारांना खाण्याच्या द्राक्षाखेरीज आणखी एक वाट मिळाली. या पिकाबद्दल मला आदर आहे. पण बाटलीत १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, हे दादाही तुम्हाला सांगेल. दीडशे मिलीलिटर वाइनमधून एका लहान पेगापेक्षा जास्तच अल्कोहोल पोटात जातं. तेव्हा मिस्टरांचं वाक्य रक्तदाबाच्या गोळीपुढे टिकत नाही, आणि बोट लागू नये म्हणून घेतलेल्या अ‍ॅव्होमिनपुढे तर नाहीच. अ‍ॅव्होमिनने आधीच गुंगी येते, त्यावर वाइन घेतली की ती वाढते. हलत्या डेकवर, जिन्यावर, पन्नाशीच्या गुडघ्यांनी हे प्रकरण साधं नसतं. ज्या दिवशी गोळी घ्याल त्या दिवशी ग्लास नको. नेमकी कोणाची कोणती औषधं चालू आहेत ते निघायच्या आधी आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या, आठही जणांनी.

एक मात्र खरं, जहाजवाले वाइनला वेगळी वागणूक देतात. तुमच्यासारख्या जहाजांवर बाहेरची बियर नाही, व्हिस्की-रम नाही, पण वाइनची एक बाटली चालते. युरोप-अमेरिकेतला माणूस लग्नाच्या वाढदिवसाला जपून ठेवलेली बाटली घेऊन प्रवासाला निघतो, हे त्यांना माहीत आहे. तुमच्या दादाने नेमका तोच हेतू मनात धरून ती दिली आहे. तुमच्यासाठीच जणू ही सवलत आहे, ती मोकळ्या मनाने घ्या.

यावरूनच तुमच्या पंगतीतल्या डब्याकडे येते. ताई, पंगतीत घरचा डबा उघडला तर यजमानाचा अपमान होतो, कारण तिथे अन्न प्रेमाने वाढलेलं असतं आणि त्याची किंमत कोणी मागत नाही. जहाजाच्या डायनिंग रूममध्ये तुम्ही पैसे भरून बसलेल्या असता, आणि आपली बाटली आणणाऱ्यांसाठी तिथे एक रीतसर व्यवस्था असते. तिला कॉर्केज म्हणतात. तुमची बाटली वेटर उघडतो, ग्लास आणून देतो, ओततो, नंतर ते ग्लास धुतो, आणि त्याबद्दल बाटलीमागे शुल्क घेतो. बऱ्याच जहाजांवर ते १५ ते ३० डॉलरच्या दरम्यान असतं. १५ डॉलर धरले तर पाच ग्लासांमागे ग्लासाला तीन डॉलर. तिथली ग्लासभर वाइन सहज १२-१५ डॉलरला जाते, वर १८ टक्के सेवाशुल्क. त्यामुळे कॉर्केज देऊनही तुम्हाला परवडतं, आणि मान खाली घालायचं काही कारण उरत नाही. खोलीत बसून प्यायलात तर बहुतेक ठिकाणी तेही लागत नाही, पण पंचविसाव्या वाढदिवसाला खोलीत पाण्याच्या ग्लासातून पिऊ नका. टेबलावर बसा. बाटली संपली नाही तर वेटरला सांगा, तो तुमच्या खोलीचा नंबर लिहून ठेवून देईल आणि दुसऱ्या रात्री परत आणेल.

"एवढे पैसे भरलेत" हे मिस्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. जहाज कंपन्या तिकीट खाली ठेवतात आणि बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा यांतून कमावतात. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा एक तृतीयांशाच्या आसपासचा वाटा तिकिटाबाहेरच्या खर्चातून येतो. त्यामुळे बाहेरच्या बाटलीवर बंधन असण्यामागे धंदा आहेच. पण तेवढंच नाही. भर समुद्रात तीन-चार हजार माणसं, कठडे, जिने, तलाव, आणि जवळचं मोठं हॉस्पिटल कित्येक तासांवर. कोण किती प्यायलं याचा अंदाज बारच्या काउंटरवरच्या माणसाला असतो आणि तो "आता पुरे" म्हणू शकतो. खोलीतल्या लपवलेल्या पिशवीला कोण पुरे म्हणणार? आणि तिकिटात राहणं, जेवण, करमणूक येतं, दारू येत नाही, हे बुकिंग करताना आपल्याला माहीत होतं. महाग वाटणं समजू शकते. फसवलं गेल्याची भावना मात्र इथे लागू होत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर खरी जागा वेगळी आहे. ड्रिंक्स पॅकेज, म्हणजे रोजच्या पेयांचे पैसे आधीच एकरकमी भरायची योजना, घेण्यापूर्वी नीट वाचा. बऱ्याच कंपन्यांत एका खोलीतल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, आणि ते दिवसाच्या हिशेबाने सगळ्या दिवसांचं. तुमच्या गटात निम्म्या खोल्यांत एक पिणारा आणि एक न पिणारी आहे. तिथे पॅकेज म्हणजे सरळ तोटा. सुटे ग्लास आणि सोबत नेलेली बाटली एवढ्यात भागेल. मित्रांनी व्हिस्कीच्या पिशव्यांवर जेवढं डोकं चालवलं तेवढं यावर चालवलं असतं तर जास्त वाचलं असतं.

आता जे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, त्याबद्दल. बायकांच्या बॅगा कोणी उघडत नाही, असं ते म्हणाले. ताई, क्रूझ टर्मिनलवर एक्स-रे यंत्रातून बॅग जाते. यंत्राला बॅगेचा मालक पुरुष की बाई हे कळत नाही, द्रव पदार्थ मात्र कळतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रांगेत मी उभी होते. माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, बोलण्यावरून आपल्याकडच्या. त्यांची बॅग बाजूला काढली गेली. अधिकारी अगदी सौजन्याने बोलत होता. त्याने वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या: औषधांचा डबा, जपमाळ, नातवासाठी घेतलेला स्वेटर, आणि पाण्याच्या दोन बाटल्या, ज्यांत पाणी नव्हतं. बाटल्या ओतून टाकल्या गेल्या. त्यांचे मिस्टर आधीच तपासणीतून पुढे गेले होते आणि दुसरीकडे बघत उभे होते. त्या एकट्याच सगळं पुन्हा बॅगेत भरत होत्या, आणि स्वेटरची घडी त्यांना काही केल्या नीट जमत नव्हती. दंड झाला नाही, कोणी रागावलं नाही, तरी त्या चार दिवसांत मी त्यांना एकदाही डेकवर हसताना पाहिलं नाही.

हे तुमच्या बाबतीत होऊ नये. ज्याला प्यायचं आहे त्याने आपल्या बॅगेत ठेवावं, ही साधी गोष्ट आहे, आणि ती म्हणायला बायकोला संकोच वाटावा हे मला टोचतं. मिस्टर म्हणतात की तुम्ही उगाच ताण घेता. तुम्ही ताण घेत नाही आहात ताई, तो तुमच्याकडे सोपवला जात आहे, बॅगेसकट. बहुतेक तिकिटांच्या करारात नियम मोडणाऱ्या प्रवाशाला उतरवून देण्याचा अधिकार कंपनीने राखलेला असतो. चार बाटल्यांसाठी कोणी तसं करत नसेल, पण लपवलेला माल जप्त होणं नेहमीचं आहे. काही कंपन्या सीलबंद बाटली शेवटच्या रात्री परत देतात, काही देत नाहीत. त्या गोंधळात दादाची बाटलीही इतरांबरोबर गेली तर?

मिस्टरांशी बोलताना मित्रांना मध्ये आणू नका. मित्रांवर टीका झाली की नवरे मित्रांच्या बाजूने उभे राहतात. फक्त एवढं सांगा: "माझ्या बॅगेत दादाची एक बाटली असेल, तुमच्या बॅगेत एक. तिसरी कोणाचीही माझ्याकडे नको." शांतपणे, एकदाच. आणि बाकीच्या तिघींना फोन करा. मला जवळपास खात्री आहे की त्याही याच काळजीत असतील आणि प्रत्येकीला वाटत असेल की आपण एकटीच भित्री आहोत. चौघींनी मिळून "आमच्या बॅगेत नाही" म्हटलं की योजना आपोआप आठ बाटल्यांवर येईल. दादाच्या उरलेल्या दोन बाटल्या घरी ठेवा, परतल्यावर त्याच्याचबरोबर उघडा.

बाटली नेण्याची पद्धत थोडी उलटसुलट आहे, नीट लक्षात घ्या. विमानात ती हातातल्या सामानात चालणार नाही, कारण शंभर मिलीलिटरच्या वरचे द्रव तिथे चालत नाहीत. म्हणून मुंबईहून निघताना चेक-इनच्या बॅगेत: आधी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे. कडेला ठेवू नका, बॅग आपटली की काच तिथेच लागते. दुकानाची किंवा वायनरीची पावती जवळ असू द्या. जहाजावर चढताना मात्र नेमकं उलटं: बाटली चेक-इनच्या बॅगेत राहिली तर ती बॅग तपासणीसाठी अडकून पडते आणि रात्रीपर्यंत खोलीत येत नाही. म्हणून सिंगापूरच्या हॉटेलवर ती काढून हातातल्या पिशवीत घ्या. कॉर्कस्क्रू न्यायची गरज नाही.

असंच पत्र आणखी कोणी लिहायच्या बेतात असेल तर त्यांच्यासाठी: प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे, आणि शेजाऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी नेली होती हा पुरावा नव्हे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल माणशी एक बाटली नेऊ देतात. नॉर्वेजियनवर जास्त नेता येतात, पण बाटलीमागे शुल्क पडतं. एमएससीवर बाहेरची वाइन चालतच नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियावरही बाहेरची दारू नेता येत नाही, तेव्हा गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून परतीच्या वाटेवर पिशवी भरून आणू नका. लक्षद्वीपच्या सहलीत तर आणखी सांभाळा, तिथे बहुतेक बेटांवर दारूबंदी आहे. वाटेतल्या बंदरावर विकत घेतलेली बाटली बहुतेक जहाजांवर ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानातल्या बाटलीचंही तेच. आणि भारतात परत येताना माणशी दोन लिटरच करमुक्त. नियम बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळी कंपनीचं पान उघडून वाचा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा. एजंट "चालतं हो" म्हणाला तर त्याला तेच ईमेलवर लिहून द्यायला सांगा.

आता तुमची संध्याकाळ. पहिल्या रात्री बाटली उघडू नका. प्रवासात हेलकावे खाल्लेल्या वाइनला एखादा दिवस स्वस्थ पडू दिलेलं बरं, आणि पहिल्या रात्री तुम्हीही थकलेल्या असाल. शिराझ आहे, तेव्हा खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलीत तर जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, फार गार असली की ती तुरट लागते. त्या रात्री झणझणीत काही मागवू नका, तिखटाबरोबर ती तोंडात चुरचुरते. भाजलेलं मटण किंवा मशरूमचं काही असेल तर उत्तम. आठही जणांना घोटभर द्या, न पिणाऱ्या दोघींनी नुसता वास घेतला तरी चालेल. बाटलीचं लेबल ओलं होऊ न देता सोडवून घ्यायला वेटरला सांगा, काही जण ते छान करून देतात.

आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उतरलात की दादाला फोन करा. जहाजावरचं इंटरनेट महाग असतं. डिसेंबरात त्याची ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली असेल, घडांत मणी फुगत असतील, भुरी रोगाच्या भीतीने तो पहाटेपासून बागेत असेल. दुपारी बारानंतर करा, तेव्हा तो जेवायला घरी येतो असं तुम्हीच लिहिलं आहे.